टॉवेल माझ्याकडे

“अगं, हळू. हात बांधतेयस, लाकडाची मोळी नव्हे,” हे कुरकुरले.

लग्न झाल्यापासून लढतीआधी यांच्या हातांना पट्ट्या मीच गुंडाळते. पूर्वी मनगटाशी पुरेपूर संपणारी पट्टी आता वेढे वाढवूनही उरत होती. उरलेलं टोक मी गुपचूप आत खोचलं. यांच्या यकृतात पसरलेल्या कॅन्सरला आमच्या घरात ‘पित्त’ म्हणायची पद्धत पडली होती. सकाळी बाकीचे बॉक्सर वजन उतरवायला उपाशीपोटी धावत होते, आणि आमचे हे नेहमीच्या वजनगटात बसायला केळ्यांवर केळी खात होते.

“वहिनी, आज टॉवेल तुम्ही धरा,” यांचे कोच बोधनकर सर म्हणाले. “भीती वाटली की रिंगणात टाका. लढत थांबेल.”

भीती तर मला पहाटेपासूनच वाटत होती.

दुसऱ्या फेरीत समोरच्या पोराने बरगडीखाली असा ठोसा हाणला की हे दोरांवर वाकले. घंटा झाली म्हणून वाचले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसताना त्यांनी माझ्या मुठीतला टॉवेल पाहिला.

“टाकू नकोस. त्याला काही माहीत नाही, म्हणून मनापासून मारतोय. तुम्ही सगळे तर मला हात लावतानाही घाबरता.”

“अहो, पण एखादा ठोसा वर्मी बसला तर?”

सरांनी यांच्या तोंडावर पाणी मारलं. यांनी दोरांमधून हात काढून ग्लोव्ह माझ्या खांद्यावर टेकवला.

“टॉवेल टाकलास तरी मी मरणारच आहे गं.”