सुमतीबाईंच्या गाण्याचा शोध

मुदत संपल्यामुळे स्मृतिभांडार दिवंगत सुमतीबाईंच्या साऱ्या आठवणी सायंकाळी पुसणार होते, आणि त्यांचे गाणे अजून सापडले नव्हते. फोल्डरांत फोल्डर, असे लक्षावधी होते. त्यांची मुलगी मृण्मयी हिने लिहिलेल्या शोधाच्या स्क्रिप्टने बहुतेक शाखा न उघडताच वगळल्या.

"अगं, आईच्या नावाचे दालनच सोडलेस?" विश्वासरावांनी हरकत घेतली. "शोध सर्वांगपूर्ण हवा."

"बाबा, आईने स्वतःच्या नावावर कधी काही ठेवले का?"

स्क्रिप्ट 'यांची औषधे' या फोल्डरात शिरली आणि गोळ्या निवडताना तेच गाणे गुणगुणणाऱ्या सुमतीबाईंचा आवाज खोलीभर पसरला.

डोळे पुसून विश्वासरावांनी दारात थांबलेल्या भांडाराच्या कारकुनाकडे ताठ मानेने पाहिले.

"आमची मुलगी," ते म्हणाले. "हिच्या आईलाही काही शोधायला कधी सगळी कपाटे उघडावी लागली नाहीत."