सातव्या ओळीतला चौथा खांब

“एकच तिकीट, बाई?” खिडकीच्या जाळीतून वगदीने विचारलं.

“एकच. आणि स्वस्तातलं बघ,” इन्शिराह बाई म्हणाल्या. “माझ्या पेन्शनीत बसेल असं.”

इजिप्तमधल्या तांता शहराच्या स्टेशनवर त्या वेळी फारशी गर्दी नव्हती. वगदीने मागचं दार उघडून बाईंना आत बसवलं, चहा सांगितला. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला हा तिकीट बाबू एके काळी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा.

“फेब्रुवारीत आपण सगळे लक्सरला जाणारच आहोत की,” तो म्हणाला. “बावीस जण नक्की झालेत. तुम्ही दाखवायचं, आम्ही बघायचं.”

“म्हणूनच आधी एकदा जाऊन येते. जुनं झालंय. उजळणी केलेली बरी.”

“ते खरंच,” वगदी म्हणाला आणि त्याने कागद पुढे ओढला.

बाईंनी चहाच्या पेल्यात तोंड लपवलं. उजळणी कसली डोंबलाची! त्या जन्मात कैरोच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी लक्सरमधलं कर्नाकचं देऊळ शिकवताना कुणीतरी विचारलं, “बाई, तुम्ही पाहिलंय?” आणि त्या बेधडक “हो” म्हणून गेल्या. एकदा हो म्हटल्यावर मागे कसं फिरायचं? मग त्यांनी आणखी तिखटमीठ लावलं. तिथल्या मोठ्या दालनात एकशे चौतीस खांब आहेत, त्यातल्या सातव्या ओळीतल्या चौथ्या खांबाला कान लावला की आत नाईल वाहताना ऐकू येते.

काय दिवस होते ते! खडूची धूळ, कुरकुरणारा पंखा, आणि पन्नास पोरं वर्गातल्या खांबाला कान लावून उभी. “येतंय ऐकू,” असं सगळ्यात आधी वगदीच ओरडला होता. पस्तीस वर्षं बाई तो खांब दर वर्गाला ऐकवत राहिल्या. आता बावीस जुने विद्यार्थी त्यांच्यासमोर त्याला कान लावणार होते. बाईंची या वयातली सगळी कमाई म्हणजे त्या पोरांचा विश्वास. तोच धुळीला मिळायची वेळ आली होती.

त्यातून मागच्या महिन्यात सगळ्यांच्या जेवणात वगदी म्हणाला होता, “लग्न झाल्यावर आम्ही गेलो होतो ना, मी ऐकलंय.” तेव्हापासून बाईंची झोप उडाली होती. याने ऐकलं तरी काय?

वगदी शांतपणे लिहीत होता. कैरोहून सकाळची गाडी, डावीकडची जागा. स्टेशनच्या समोरच्या गल्लीतलं घरगुती लॉज, गच्चीवर नाश्ता. ‘फूल’ची उसळ आणि भाकरी कोपऱ्यावरच्या गाडीवर, आत हॉटेलात नाही. पलीकडच्या काठावर जायला गावकऱ्यांची बोट.

“ओळखपत्र विसरू नका, नाहीतर परदेशी बाई समजून तिकिटाचे दसपट घेतील,” तो म्हणाला. “देवळाकडे जाताना टांगेवाला सुरुवातीला काहीही भाव सांगेल. तुम्ही आपल्या चालत राहा.”

“एवढं बारीक कशाला लिहितोस? मला काय रस्ता माहीत नाही?”

“तुमच्या वेळचं गाव राहिलं नाही बाई, म्हणून.”

निघताना त्याने तांत्याच्या हरभऱ्याच्या मिठाईचा डबा हातात दिला. “तिथे बिशारा म्हणून जुना पहारेकरी आहे. त्याला माझा सलाम सांगा आणि हा द्या.”

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई त्या दालनात उभ्या होत्या. पहिला धक्का बसला तो वर बघून. छतच नव्हतं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात छत होतं म्हणून त्यांनी मुलांना आतल्या मिट्ट काळोखाचं किती वर्णन करून सांगितलं होतं! इथे निळं आभाळ आणि लख्ख ऊन. तरीही इतकं सुंदर काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पोरांना खोटं सांगितलं याहीपेक्षा, कमी सांगितलं याचं त्यांना वाईट वाटलं.

त्यांनी ओळी मोजल्या. सातवी ओळ, चौथा खांब. आजूबाजूला कुणी नाही असं बघून कान लावला.

दगड गार होता. बाकी काही नाही.

बाई पायथ्याशी बसल्या. डोळे भरून आले. परत जाऊन सगळ्यांना खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

“हिवाळ्यात नाही यायचं ऐकू, आजी,” मागून आवाज आला. पांढऱ्या पटक्यातला म्हातारा काठी टेकत उभा होता. “नदी उतरलेली असते. उन्हाळ्यात पाणी चढलं की या.”

बाई झटकन वळल्या. “तुम्ही ऐकलंय?”

“चाळीस वर्षं झाली मला इथे,” म्हातारा म्हणाला. मग त्याची नजर डब्यावर गेली. “वगदीने पाठवलंय? मग तुम्ही त्याच्या घरच्याच.”

बिशाराने शेजारी बसकण मारली, डबा उघडला, एक तुकडा तोंडात टाकला.

“तुमच्यापासून काय लपवायचं? दगडात कसली आलीय नदी! पण तांत्याची माणसं येतात, याच खांबाला कान लावतात आणि तोंड पाडून उठतात. त्यांना मी ते पाण्याचं सांगतो. समाधानाने जातात बिचारी.”

“हे तुम्हाला सुचलं?”

“मला कुठलं सुचतंय? वगदीचं आहे ते. नव्या नवरीला घेऊन आला होता. तिला सावलीत बसवलं आणि दिवसभर एकेका खांबाला कान लावत फिरला, एकशे चौतीस. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाला, काका, आमच्या बाई इथे कधी आलेल्याच नाहीत. पण हे तांत्यात कुणाला कळता कामा नये.”