वाटेवरचं जाकीट

रानडुकराला अडवायचं आणि मालक येईपर्यंत जागा सोडायची नाही, ही वॉर्डेलच्या कुत्र्यांची ख्याती होती. त्यातली म्हातारी टॅन्सी मात्र गेल्या हिवाळ्यात डुकरामागे लुईझियानाच्या दलदलीत शिरली ती परतलीच नाही. पाणी चढू लागलं तसा वॉर्डेल अंगातलं जाकीट तिच्या वाटेवर टाकून घरी आला. चुकलेलं कुत्रं मालकाच्या वासावर येतं, जाकिटावर झोपून राहतं, हे तिथं सगळेच जाणतात.

जाकीट तसंच पडून राहिलं.

“पळपुटी निघाली गं,” तो बायकोला म्हणाला. “तिचं पिल्लूही नको आता या दारात.”

“अरे, एकदा रानात सोडून तर बघ तिच्या लेकीला,” व्हर्ना म्हणाली. “तुझ्याइतकीच हट्टी आहे कार्टी.”

पाणी ओसरल्यावर त्यानं टॅन्सीच्या लेकीला सोडलं. ती आत कुठंतरी थांबून भुंकू लागली, थेट आईच्या घोगऱ्या आवाजात. हाका मारल्या तरी हलेना. वॉर्डेल चिखल तुडवत पोचला. सायप्रसच्या मुळांच्या खोबणीत रानडुकराची सुळ्यांसकट कवटी अडकली होती.



आणि त्या कवटीकडे तोंड करून, गळ्यात नारिंगी पट्टा असलेला टॅन्सीचा सांगाडा वाट अडवून बसला होता.