अर्धं बॉनेट

उर्मिलाने पाण्याचा मग बादलीत बुडवला. गाडीचा रंग टिकवणारं कोटिंग चढवायच्या तिच्या दुकानासमोर तिचीच जुनी गाडी उभी होती. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी. डावीकडे महागडं कोटिंग, उजवीकडे नवं, स्वस्तातलं. स्वस्तातलं टिकतं का ते बघायला उन्हाळाभर तिने गाडी मुद्दाम उन्हाच्या आणि कावळ्यांच्या हवाली ठेवली होती.

"ताई, स्वस्तातलंच मारा, पण रंग टिकला पाहिजे. नवी टॅक्सी आहे, पोट आहे तिच्यावर," शेजारी उभा टॅक्सीवाला म्हणाला.

तिने पाणी ओतलं. दोन्हीकडे थेंब थेंब होऊन ते झरझर घरंगळलं, कोटिंग टिकल्याची खूण. टॅक्सीवाल्याने हसत टॅक्सीची किल्ली तिच्या हातात दिली. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला. "दिसतेय ना चकाचक? गिऱ्हाईक येणार म्हणालीस, म्हणून सकाळीच मेणाचं पॉलिश मारलं. अख्ख्या गाडीला!"

म्हणजे पाणी घरंगळलं ते मेणावरून. कोटिंग खाली उरलंय की नाही, कुणास ठाऊक.

टॅक्सीवाल्याला काहीच कळलं नव्हतं. तो चहा फुंकत होता.

मेण उतरवायचा साबण तिने बादलीत ओतला आणि किल्ली परत त्याच्या हातात देत म्हणाली, "दादा, किल्ली अजून तुमच्याकडेच ठेवा."