एकाच मालकाचं व्हायोलिन

जाहिरातीत ‘मधुर’ हा शब्द टाकायला तो तयार नव्हता.

मेहुण्याने तो आधीच टाकून ठेवला होता. मेहुणा जुन्या गाड्या विकायचा, त्यामुळे ही भाषा त्याच्या जिभेवर होती. ‘एकाच मालकाचं व्हायोलिन. फक्त घरात वापरलेलं. कुठेही ठोकलेलं नाही. मधुर आवाज. शेजारीपाजारीही ऐकत राहतात.’ शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. तरी ऐकू जायचंच, तेव्हा तेवढं वाक्य खरं म्हणता आलं असतं. घरात वापरलेलं हेही खरं होतं. बाहेर कोणी बोलावलं नव्हतं.

तो पाणीपुरवठा खात्यातला आरेखक. नळांचे आणि टाक्यांचे नकाशे काढता काढता नुकताच निवृत्त झाला होता. एकतीस वर्षं तो रोज संध्याकाळी व्हायोलिन वाजवत आला, आणि एकतीस वर्षं ते व्हायोलिन त्याच्याशी दावा मांडून बसलं होतं. त्याचं लाकूड दमट होतं. तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडी वाकडी होती. एक खुंटी सारखी सरकायची आणि लगेच तार उतरायची. रेडिओच्या चाचणीत तो तीनदा नापास झाला, तिन्ही वेळा व्हायोलिनमुळे. तसं त्याने परीक्षकांना पत्राने कळवलंही होतं. पाहुण्यांपुढे वाजवून झालं की तो वाद्य उलटं करून त्यांना दाखवायचा, आणि पाहुणे, सुटकेच्या आनंदात का होईना, हळहळायचे. चांगलं वाद्य हाती पडलं असतं तर हा माणूस कुठच्या कुठे गेला असता, हे घरात ठरूनच गेलं होतं.

आता तो नवं, खरंखुरं व्हायोलिन घेणार होता. बायकोची अट एकच होती, आधी जुनं बाहेर जाऊ दे. एका घरात दोन व्हायोलिनं तिला झेपणार नव्हती.

म्हणून तो आठवडाभर इतरांच्या जाहिराती वाचत होता. ‘किरकोळ दुरुस्ती’ लागणाऱ्या गिटारचा फोटो फक्त वरच्या अर्ध्या भागाचा होता. ‘दुर्मिळ’ पियानोला वाळवी लागली होती, आणि तीच त्यातली दुर्मिळ गोष्ट असावी. ‘जागेअभावी’ विकायला काढलेल्या ड्रमची जाहिरात मालकाने नव्हे, खालच्या मजल्यावरच्यांनी दिली असणार, अशी त्याला खात्री होती. या लोकांच्या रांगेत उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

“दाजी, जाहिरात आहे ही, शपथपत्र नाही,” मेहुणा म्हणाला.

शेवटी त्याने ‘मधुर’ राहू दिलं. एवढं मोठं खोटं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता.

चौथ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. बसची ड्रायव्हर होती, पस्तिशीची. सकाळची पाळी संपवून गणवेशातच आली होती. तिने सांगितलं, की लहानपणापासून वाजवते, पण स्वतःचं वाद्य कधीच नव्हतं. डेपोतल्या एका सहकाऱ्याचं मागून आणायची. आता तो बदली होऊन गेला, जाताना व्हायोलिनही घेऊन गेला.

आरेखकाला वाईट वाटलं. जाहिरातीत खोटं रेटता येतं, पण समोर चप्पल काढून बसलेल्या माणसाला फसवणं अवघड जातं. खुंटीचं तरी सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. मेहुण्याने सोफ्यावरून डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

तिने गजाला राळ घासली. तारा सुरात लावताना ती खुंटी फिरवता फिरवता थोडी आत दाबत होती. खुंटी एकदाही सरकली नाही. मग तिने हनुवटी टेकवली आणि वाजवायला सुरुवात केली.

संथ, साधी चाल होती. आरेखक ती पहिल्याच वर्षी शिकला होता. लाकूड तेच होतं. घोडीही जितकी वाकडी होती तितकीच होती. सूर मात्र असा निघाला, की मेहुण्याने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. बायको हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली. जाहिरातीतला शब्दन्‌शब्द खरा निघत होता. नवं व्हायोलिन आणलं असतं तर वर्षभरात तेही दमट झालं असतं, हे आरेखकाला लख्ख दिसलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं होतं, फक्त आश्चर्य नव्हतं. एकतीस वर्षं तीही पाहुण्यांबरोबर हळहळत आली होती. आता तिने नजर खाली वळवली. एरवी तिने टोमणा मारला असता, आणि तो बरा वाटला असता.

चाल संपली. ड्रायव्हरने व्हायोलिन मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने त्याची कड पुसली.

“मला हे हवंय,” ती म्हणाली. “पण काका, एक खरं सांगा. इतकं चांगलं वाद्य कोणी उगाच विकायला काढत नाही. दोष काय आहे यात?”

मेहुणा घाईघाईने बोलायला पुढे सरकला. आरेखकाने त्याला हाताने थांबवलं.

“दोष आहे,” तो म्हणाला. “पण तो विकायला काढलेला नाही. तो इथेच राहतो.”