धुक्यातला नावाडी

होडी धुक्यात शिरली आणि पडदा काळा झाला.

सुष्मिताचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. टेबलाखालचा पंखा थांबला, क्षणभर सगळं शांत झालं, मग तो पुन्हा घरघरू लागला. मशीन आपलं आपणच बंद पडून सुरू होत होतं.

"बघा, हे असं होतंय," ती म्हणाली.

ऋतुराज जमिनीवर मांडी घालून बसला होता. कसबा बावड्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिचा नवरा राजशेखर त्याच्याकडूनच सुटे भाग न्यायचा आणि घरी स्वतः जोडायचा. हे मशीन त्यानंच जोडलेलं.

"फक्त गेम खेळतानाच होतंय का वहिनी?"

"व्हय. त्यात पण रोज न्हाय. एकटी खेळत असले तर कायच होत न्हाय. संगट दुसरं कुणी असलं की मग."

"दुसरं कुणी आलं म्हणून मशीन कशाला बंद पडंल?" ऋतुराज हसला आणि त्यानं कॅबिनेटचं झाकण उघडलं.

ब्लोअरनं धूळ उडाली. उन्हाच्या पट्ट्यात ती बराच वेळ तरंगत राहिली. सुष्मिता बघत होती. गेममधलं धुकं असंच असायचं, सावकाश, आतून उजळलेलं. नदीवर होड्या आणि काठावर विझलेले दिवे. आपण जायचं आणि एकेक दिवा लावायचा. जोडीला दुसरा कुणी खेळणारा गेमच शोधून द्यायचा. तिला एका दुपारी 'नावाडी' मिळाला. मग तिनं दुसरी जोडी घेतलीच नाही.

नावाडी फार बोलायचा नाही. 'सावकाश या, पुढे खडक आहे,' एवढंच लिहायचा. एकदा तिनं लिहिलं की माझा नवरा घाटातल्या अपघातात गेला. नावाड्यानं होडी थांबवली. बराच वेळ दोन्ही होड्या शेजारी शेजारी डोलत होत्या. मग त्यानं लिहिलं, 'मी आहे इथेच.' त्या दुपारी ती पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

घरात रडायची सोय नव्हती. खाली सासरे राहायचे. गगनबावड्याच्या घाटातून राजशेखरचा देह आणला त्या दिवसापासून अण्णाप्पांचं बोलणं आटलं होतं. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. शिवभक्तीची कन्नड वचनं ऐकायला म्हणून राजशेखरनं त्यांना आपलं जुनं मशीन दिलं होतं. दुपारभर तो आवाज जिन्यानं वर येत राहायचा. ती ताट नेऊन ठेवायची, "अप्पा, जेवण" म्हणायची. आतून "हं" यायचं. त्या एका "हं"चा अर्थ ती दिवसभर लावत बसायची. मुलगा राहिला नाही, आता सुनेचं इथं काय काम, असाच तो लागायचा.

रविवारी इचलकरंजीहून भाऊ येणार होता, तिला कायमचं न्यायला. बॅग भरून झाली होती.

"गरम होत न्हाय," ऋतुराज म्हणाला. त्यानं रॅम बदलून बघितली, ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवलं, पॉवर सप्लायही स्वतःकडचा लावला. "आता खेळा. तुमचा तो दोस्त येतोय का बघा."

नावाडी काठाशी उभाच होता.

'आलात? मघाशी मीही जरा दूर गेलो होतो,' त्यानं लिहिलं.

होड्या निघाल्या. ऋतुराजनं भिंतीतल्या पॉइंटला मीटर लावला. सुष्मिताला खोलीचं भान उरलं नाही. पाणी निळं होतं. लांबून धबधब्याचा आवाज येत होता आणि समोर धुकं उठत होतं. आज विचारलं नाही तर विचारायचं राहून जाईल, असं तिला वाटलं. तिनं भराभर लिहिलं.

'माझ्या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. मी हे घर सोडून जाऊ का?'

नावाड्याची होडी थांबली. त्याच्या नावाखाली तीन ठिपके हलू लागले. तो लिहीत होता. धुकं दोघांवरून आलं.

पडदा काळा झाला.

"अरे देवा!" सुष्मिता ओरडली. "आत्ताच का?"

"घावलं!" ऋतुराज मीटरकडं बघत म्हणाला. "वहिनी, मशीनला कायबी झालेलं न्हाय. लाईनच पडत्या. जुनी वायर हाय, कुठंतरी जोड सैल असणार. ह्या मशीननं जोर घेतला की त्याच टायमाला घरात दुसरं कायतरी जोर घेतंय. दोन्ही मिळून व्होल्टेज खाली ओढत्यात. खाली काय चालू हाय?"

"काय न्हाय. फ्रिज हाय. आणि अप्पा वचनं ऐकत्यात."

"वचनं ऐकून एवढी लाईन पडत न्हाय. चला, बघूया."

तो जिना उतरला. सुष्मिता मागोमाग गेली. आता खालून वचनांचा आवाज येत नव्हता. ऋतुराजनं दार ढकललं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

अण्णाप्पा दाराकडं पाठ करून टेबलाखाली वाकले होते. वायर हलवून बघत होते. वर पडदा नुकताच उजळत होता.

"कोण, ऋतुराज व्हय रं?" ते न वळताच म्हणाले. त्यांचा आवाज घाईचा होता. "तुझाच आवाज आला वरनं. बाबा, आधी हे चालू करून दे. धुकं आलं की बंद पडतंय बघ. तिकडं एक पोरगी थांबल्या. घर सोडून जाऊ का म्हणून विचारलंय तिनं. तिला जाऊ नको म्हणायचं राहिलंय."