जुना नंबर

प्रसेनजीत कोल्हापुरात कॅमेरे बसवायचा. वडिलांना, अप्पांना, अर्धांगवायू झाल्यावर त्यानं गारगोटीच्या घरीही एक बसवला. आई शाळेत शिकवायला गेली की तो कोल्हापुरातून आणि बहीण प्रीती पुण्यातून, मोबाइलवर अप्पांवर लक्ष ठेवायचे.

शुक्रवारी दुपारी प्रीतीचा फोन आला. "दादा, आज अप्पा काठी टेकत दारापर्यंत जाऊन आलं."

त्यानं आपल्या मोबाइलवर बघितलं. अप्पा सकाळी होते तसेच, भिंतीकडं तोंड करून पडलेले.

कारण सापडायला तासभर गेला. वीज गेली की घरच्या इंटरनेटचा नंबर बदलायचा आणि मोबाइलवर कॅमेरा ज्या नावानं उघडायचा, ते नाव आपोआप नव्या नंबरला जोडलं जायचं. पण नावावरून नंबर सांगणारा सर्व्हर दोघांचा वेगळा. त्याचा नवा नंबर सांगत होता, प्रीतीचा चार दिवसांपूर्वीचा जुनाच. तो जुना नंबर आता गावातल्या दुसऱ्याच घराला गेला होता. तिथला कॅमेराही त्यानंच, एका आजारी म्हाताऱ्यासाठी बसवलेला, आणि आळसानं पासवर्डही तोच ठेवलेला.

त्यानं फोन लावला. आपल्याला काय वाटायला हवं, तेच त्याला कळेना.

"प्रीती, तू बघतीयास ते आपलं अप्पा न्हाईत. मोबाइलमधलं एक सेटिंग बदलायचं हाय. सांगतो तसं कर."





"म्हाईत हाय, दादा. पहिल्याच दिवशी कळलं. राहू दे की तसंच. ते चालत्यात तरी."